चेन परत परत एकाच बाजूने घासते: जुन्या मोटरसायकलची चेन-स्प्रॉकेटची ओळ कशी तपासावी

नवीन चेनसेट टाकला, ताण बरोबर ठेवला, तेल वेळेवर दिलं, तरी दोन-अडीच हजार किलोमीटरमध्ये परत तीच खरखर. जुन्या गाड्यांची ही तक्रार मी इतक्या वेळा हाताळली आहे की आता चेनला दोष द्यायला मी अगदी शेवटी तयार होतो. चेन बिचारी जिथून ओढली जाते तिथून धावते. तिला सरळ रस्ता मिळाला नाही तर कितीही चांगली चेन आणा, ती झिजणारच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. ओळ चुकण्याचे दोष दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. पहिला, मागचं चाक तिरकं बसलेलं असतं. म्हणजे एक्सलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा पुढे किंवा मागे असतं. दुसरा, चाक सरळ असतं पण मागचं किंवा पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावरून धावते ते दातेरी चाक) आपल्या जागेवरून बाजूला सरकलेलं असतं. चेन ओढायचे अ‍ॅडजस्टर फक्त पहिला दोष दुरुस्त करू शकतात. पण हातात तेवढेच असतात, म्हणून लोक दुसरा दोषही त्यांनीच काढायला जातात. बाजूला सरकलेल्या स्प्रॉकेटची भरपाई म्हणून चाक तिरकं करतात, चेन वरून बघितली की सरळ दिसते, आणि आता गाडीत एकाऐवजी दोन दोष होतात.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर ओळ तपासायला घ्या.

– चेनच्या आतल्या साइड प्लेट एकाच बाजूने चकाकतात, दुसरी बाजू मळकटच राहते.
– मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एक कड घासून धारदार झालेली असते, दुसरी कड जवळजवळ नवी असते.
– थ्रॉटल सोडल्यावर किंवा गाडी ढकलताना खालून कर्र-कर्र असा सलग आवाज येतो.
– चेनलॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप परत परत निघते किंवा तिची एक बाजू घासून पातळ होते.
– मागचा टायर मधोमध न झिजता एका अंगाला झिजतो, आणि सरळ रस्त्यावर हँडलला एका बाजूने कायम थोडा रेटा द्यावा लागतो.
– गिअरबॉक्सच्या पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील बदलूनही तिथून तेल झिरपतं.

हँडल सोडून गाडी कुठे ओढते ते बघण्याचा प्रयोग कोणी सुचवला तर करू नका. जमिनीवर उभ्या गाडीवर दोरी लावून त्याहून खात्रीचं उत्तर मिळतं, ते पुढे येईलच.

सुरुवात करण्यापूर्वी

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जमिनीवर, न्यूट्रलमध्ये. इंजिन बंद, चावी बाहेर. चाक फक्त हाताने फिरवायचं, आणि तेही टायरला धरून, आऱ्यांत बोटं न घालता. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन फिरवत तेल देणारे आणि फडक्याने पुसणारे लोक मी पाहिले आहेत. फडकं स्प्रॉकेटमध्ये अडकलं की बोट सोडवायला वेळच मिळत नाही. या कामात इंजिनची गरज कुठेही लागत नाही.

आधी धुवून बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी डोळ्यांची, पण ती चेन स्वच्छ असल्याशिवाय होत नाही. जुन्या गाडीच्या साध्या चेनला रॉकेल आणि जुना ब्रश पुरतो. ओ-रिंगवाली चेन टाकली असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश टाळा, रबरी कड्या खराब होतात. जावा-येझदीसारख्या गाड्यांत चेन पूर्ण बंद चेनकेसमध्ये असते. तिथे ती उघडल्याशिवाय काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच या गाड्यांचा दोष फार उशिरा लक्षात येतो.

आता टॉर्च घेऊन आतल्या साइड प्लेट बघा. दोन्ही बाजूंना सारखी फिकट झळाळी असेल तर ओळ बहुतेक ठीक आहे. एकाच बाजूला आरशासारखी चकाकी असेल तर ती बाजू लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडते. मग मागच्या स्प्रॉकेटवर चेन जिथे चढते तिथे बघा. दात दोन प्लेटच्या मधोमध शिरतो का एका प्लेटला घासत? चाक हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवून बघा. सगळीकडे एकाच बाजूला घासत असेल तर ओळ चुकली आहे. अर्ध्या फेऱ्यात एका बाजूला आणि उरलेल्यात दुसऱ्या बाजूला जात असेल तर स्प्रॉकेट डुगडुगतंय, तो वेगळा आजार आहे.

डुगडुग मोजायला साधी तार पुरते. तार स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा हलता सांगाडा, गॅरेजमध्ये याला चिमटा म्हणतात) घट्ट बांधा आणि तिचं टोक दातांच्या अगदी जवळ आणा. चाक फिरवताना फट कमी-जास्त होते का बघा. होत असेल तर स्प्रॉकेट वाकलं आहे, किंवा बसवताना त्याच्यामागे मळ किंवा रंगाचा पोपडा राहिला आहे, किंवा बेअरिंग गेलं आहे.

याच वेळी चेनलॉकही बघून घ्या. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे. उलटी बसली असेल तर कशाला लागली तरी ती निघू शकते.

चेन मोजा, नाहीतर पुढची मापं फसवतील

झिजलेल्या चेनवर ओळ तपासण्यात अर्थ नाही. झिजलेली चेन बाजूला सहज वाकते, त्यामुळे चुकलेली ओळही ती पोटात घेते आणि बरोबर ओळीतही घासल्यासारखी वाटते.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जातं असं नाही. प्रत्येक कडीत पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात, आणि शंभरएक कड्यांची ती झीज एकत्र होऊन लांबी वाढते. मोजायला चेन ताणून धरा आणि २१ पिना मोजा, म्हणजे मध्ये २० कड्यांचं अंतर येतं. ५२० किंवा ५३० नंबरच्या चेनला पिच (दोन पिनांमधलं अंतर) ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी. त्या हिशेबाने नवीन चेनचं माप ३१७.५ मिमी यायला हवं. ते ३२३ च्या आसपास गेलं की मी चेन काढतो. ४२८ नंबरला पिच अर्धा इंच, नवीन माप २५४ मिमी, आणि २५९ झालं की तिचं आयुष्य संपलं. हे माप चेनवर तीन-चार ठिकाणी घ्या, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

चाक फिरवताना चेन कुठे ताठ, कुठे ढिली होत असेल तर मोजून बघा. ताठ जागा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येत असेल तर मागचं स्प्रॉकेट गोल बसलेलं नाही. अडीच-एक फेऱ्यांनी येत असेल तर दोष चेनमध्ये आहे, कारण शंभर कड्यांची चेन चाळीस दाती स्प्रॉकेटवरून पूर्ण एकदा जायला अडीच फेरे लागतात.

दात वाकड्या नखासारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. झिजलेल्या दातांवर नवीन चेन टाकली की ती काही दिवसांतच त्या दातांसारखी होते.

चाक आणि चिमटा हलवून बघा

टायर वर आणि खाली धरून बाजूला हलवा. मग पुढे-मागे धरून हलवा. कट-कट लागत असेल तर ते बेअरिंगकडून आहे का चिमट्याच्या बुशकडून ते ओळखायला एक बोट चिमट्याच्या पिव्हटपाशी, चिमटा आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवा. चिमटा हलत असेल तर बोटाला लगेच कळतं. जुन्या गाड्यांत हा बुश वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय फिरलेला असतो.

ही तपासणी इथेच का, तर चिमटा बाजूला हलत असेल तर पुढे घेतलेलं प्रत्येक माप खोटं ठरतं. उभ्या गाडीवर सगळं जुळतं, आणि थ्रॉटल दिला की चेनची ओढ चिमट्याला आपल्या बाजूला खेचते. बुश आणि बेअरिंग आधी, ओळ नंतर.

खुणांवर विश्वास नको: एक्सल मोजा

इथे थोडं थांबूया, कारण निम्म्याहून जास्त गाड्या इथेच बऱ्या होतात.

चिमट्यावर दोन्ही बाजूंना रेघा असतात, किंवा गोगलगायीच्या आकाराच्या अ‍ॅडजस्टरला खाचा असतात. दोन्ही बाजूंना सारखी खाच म्हणजे चाक सरळ, असं सगळे धरून चालतात. नवीन गाडीतही ते दर वेळी खरं नसतं. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत तर चिमटा कधीतरी वेल्डिंग केलेला असतो, एका बाजूचा अ‍ॅडजस्टर दुसऱ्याच गाडीचा असतो, गोगलगायीच्या कडेवर पिन टेकून टेकून खड्डा पडलेला असतो. खूण सारखी येते आणि एक्सल दोन मिमी मागे-पुढे असतो.

दोन मिमीने काय होतं त्याचा हिशेब एकदा करून बघा. दोन्ही अ‍ॅडजस्टरमधलं अंतर साधारण २०० मिमी धरा. एका टोकाला २ मिमी फरक म्हणजे शंभरात एक असा तिरकेपणा. मागच्या स्प्रॉकेटपासून पुढचं स्प्रॉकेट ६०० मिमीवर असेल तर तिथे चेनची ओळ ६ मिमी बाजूला जाते. आणि दोन्ही चाकांच्या मधल्या सुमारे १,३७० मिमी अंतरात तोच तिरकेपणा जवळपास १४ मिमी होतो. मागे न दिसणारा फरक पुढे बोटाएवढा दिसतो.

म्हणून खुणा सोडा आणि मापा. चिमट्याच्या पिव्हट बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी घ्यायचं. टेप नको, तो वाकतो. ताठ सळई घ्या, तिच्या एका टोकाला टोकदार खिळा बसवा, दुसऱ्या टोकाला सरकणारी खूण करा. खिळा पिव्हटच्या मध्यावर, खूण एक्सलच्या मध्यावर. मग तीच सळई दुसऱ्या बाजूला. सायलेन्सर आड येत असेल तर तो काढा, अंदाजाने माप घेऊ नका. बहुतेक बोल्टच्या मध्यावर लेथचा बारीक खड्डा असतो, तो खिळ्याला चांगला धरतो. नसेल तर मध्य काढून सेंटर पंचने हलकी टिंब द्या.

फरक निघाला तर दुरुस्तीचा क्रम असा. एक्सलचा नट ढिला करा. चाक सहज काढता यावं म्हणून ज्या गाड्यांत स्प्रॉकेटचा ड्रम वेगळ्या नटाने चिमट्यावर राहतो, तिथे तो नटही ढिला करावा लागतो, नाहीतर एकच बाजू सरकते. ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा बोल्ट हमखास विसरला जातो. तो घट्ट राहिला की चाक मागे घेताना पट्टी एका बाजूने ओढते, आणि तुम्ही सरळ केलेलं चाक नट आवळताना परत तिरकं होतं. ब्रेकचा रॉडही सैल करून ठेवा.

अ‍ॅडजस्टर नटच्या पैलूंवर मोजून फिरवा. ८ मिमी बोल्टच्या आट्यांचं अंतर १.२५ मिमी असतं, म्हणजे षटकोनी नटचा एक पैलू साधारण ०.२ मिमी. ढिलाईची शेवटची जुळवणी करताना दोन्ही बाजूंना सारखेच पैलू फिरवा, म्हणजे मिळवलेली सरळी बिघडत नाही. ढिलाई किती ठेवायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक जुन्या गाड्यांना चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मध्यावर २० ते ३० मिमी. पण ती चेनच्या सगळ्यात ताठ जागी मोजा. आणि लक्षात ठेवा, पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याचा पिव्हट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. मागे कोणाला तरी बसवून एकदा बघा की तिथेही थोडी ढिलाई उरते आहे.

शेवटचा नट आवळण्यापूर्वी एक युक्ती. मागच्या स्प्रॉकेटवर, खालच्या पट्ट्याच्या आणि दातांच्या मध्ये फडक्याची घट्ट गुंडाळी घाला आणि चाक हाताने पुढे फिरवा. चेन ताणली जाऊन एक्सल पुढे ओढला जातो आणि दोन्ही अ‍ॅडजस्टरवर घट्ट बसतो. तसाच धरून नट आवळा. हे केलं नाही तर आवळताना पाना एक्सलला ढकलतो आणि पाऊण-एक मिमी सहज जातो. आवळून झाल्यावर गुंडाळी काढा आणि सळई परत लावा. मी तीन वेळा मोजतो: आधी, आवळण्यापूर्वी, आवळल्यावर. शेवटी ब्रेकची पट्टी आवळून रॉड जुळवून घ्या.

दोरी लावणं

एक्सल सरळ झाला, आता चाकं एका ओळीत आहेत का ते बघायचं. गवंडी भिंतीला सूत लावतो तसंच. मागच्या टायरला मागून लांब दोरी गुंडाळा आणि दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्याही पुढे न्या. उंची एक्सलच्या जितकी जवळ जाईल तितकी ठेवा, स्टँड आड येईल तिथे खाली घ्या. दोरी ताणून दोन जड वस्तूंना बांधा. ती मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या, दोन्ही कडांना जेमतेम टेकली पाहिजे.

पुढचं चाक सरळ करा. दोरी आणि पुढच्या टायरमधली फट चार ठिकाणी मोजा, दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या कडेला. चारही फटी सारख्या, तर काम झालं. दोरी चाकाशी समांतर आहे पण एका बाजूला फट जास्त, तर मागचं चाक सरळ असूनही बाजूला बसलं आहे. रिम हबवर एका अंगाला बांधली असेल, स्पेसर (एक्सलवर चाकाच्या बाजूला बसणारी, चाक जागेवर ठेवणारी नळी) चुकला असेल, किंवा त्या गाडीची मूळ रचनाच तशी असेल, ते मॅन्युअलमध्ये बघा. दोरी एका बाजूला जवळ येत आणि दुसऱ्या बाजूला लांब जात असेल तर चाक अजून तिरकं आहे.

आणि सळई म्हणते एक्सल सरळ, पण दोरी म्हणते चाक तिरकं, असं झालं तर? दोन्हींच्या मधलं माप घेऊन भागवू नका. चिमटा पिळलेला असू शकतो, ते पुढे.

स्प्रॉकेट एकमेकांसमोर आहेत का

पुढच्या स्प्रॉकेटवरचं कव्हर काढा. साचलेलं काळं ग्रीस खरवडून काढा, ते खूप निघतं. शक्य असेल तर चेन उतरवून घ्या. उतरवण्यापूर्वी तिच्या टोकाला जुनी चेन लॉकने जोडून ठेवा, म्हणजे परत ओढून घेता येते.

मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूवर खात्रीची सरळ पट्टी टेकवा. ती स्प्रॉकेटच्या मागच्या आणि पुढच्या दोन्ही कडांना नीट बसली पाहिजे, आणि तिचं दुसरं टोक पुढच्या स्प्रॉकेटपाशी यायला हवं. लाकडी पट्टी चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप चालतो, पण आधी काचेवर ठेवून तो सरळ आहे ना ते बघा. मग पट्टी आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांमधली फट मोजा. दोन्ही स्प्रॉकेटच्या दातांची जाडी वेगळी असेल तर त्या फरकाचा अर्धा भाग हिशेबात धरा. फरक एक मिमीच्या आत असेल तर मी पुढे जातो. दोन मिमीच्या वर असेल तर कारण सापडल्याशिवाय चेन परत चढवत नाही.

एक्सल आधीच सरळ केला असल्यामुळे आता दिसणारा फरक बाजूला सरकण्याचाच आहे. हाच तो दोष जो अ‍ॅडजस्टरने काढायचा नसतो.

पहिला संशयित स्पेसर. एका गाडीची तिसरी चेन माझ्यासमोर आली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर मी ग्रीस पुसून शेजारी उभे केले. ग्रीसमध्ये हुबेहूब सारखे दिसत होते. पुसल्यावर एक दुसऱ्यापेक्षा ४ मिमी लांब निघाला, आणि छोट्याच्या कडेवर बेअरिंगने घासलेली गोल झळाळी चुकीच्या टोकाला होती. पंक्चर काढताना कधीतरी दोन्ही एकमेकांच्या जागी गेले होते. सबंध चाक ४ मिमी बाजूला सरकलं होतं, आणि मालकाने चेन सरळ दिसावी म्हणून एक्सल सव्वा मिमी तिरका ठेवला होता. मागचा टायर एका अंगाने गुळगुळीत झाला होता तो त्यामुळे. स्पेसरची अदलाबदल करून, एक्सल सरळ करून झाल्यावर त्या गाडीला नवीन काहीच लागलं नाही. तेव्हापासून चाक काढलं की मी स्पेसर काढलेल्या बाजूलाच, वर्तमानपत्रावर, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवतो.

दुसरा, बेअरिंग. हबला रंग किंवा पावडर कोटिंग करताना बेअरिंगच्या घरात रंग गेला असेल तर बेअरिंग तळाला टेकत नाही. दीड मिमी बाहेर राहिलेलं बेअरिंग वरून बघून कळत नाही. नुकतीच नव्याने बांधलेली गाडी असेल तर हे आधी बघा.

तिसरा, ड्रमचे रबर, म्हणजे स्प्रॉकेटचा ड्रम आणि हब यांच्यामधल्या रबरी गाद्या. रबर खलास झाले की स्प्रॉकेटचा ड्रम बाजूलाही डुलतो. स्प्रॉकेट हाताने धरून हलवा. पुढे-मागे थोडा खेळ असतोच, बाजूला कट-कट नको. काही गाड्यांत, बुलेट त्यातली एक, स्प्रॉकेट आणि ब्रेक ड्रम एकच नग असतो. तिथे दात गेले म्हणजे ड्रमही जातो, आणि नवीन ड्रम चढवल्यावर ओळ परत मोजावी लागते.

चौथा, पुढचं स्प्रॉकेट उलटं बसलेलं. पुष्कळ पुढच्या स्प्रॉकेटना एका बाजूला उंचवटा असतो. उलटं चढवलं तरी ते नटाने घट्ट बसतं, आणि दात काही मिमी आत किंवा बाहेर जातात. जुनं स्प्रॉकेट टाकून दिलं नसेल तर शेजारी धरून बघा. नट उघडण्यापूर्वी वाकवलेली लॉक वॉशर सरळ करा, आणि आटे कुठल्या बाजूचे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघा. काही जुन्या गाड्यांत ते उलटे असतात, आणि जोर लावून लावून लोक शाफ्टचेच आटे घालवतात. वॉशर परत बसवताना नवीन वापरा.

गिअरबॉक्स वेगळा असलेल्या गाड्या

ज्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असतात आणि प्रायमरी चेनचा (इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या चेनचा) ताण गिअरबॉक्स मागे-पुढे सरकवून ठेवतात, तिथे आणखी एक कारण संभवतं. गिअरबॉक्स सरकवताना तो एका बाजूने जास्त ओढला गेला की सबंध बॉक्सच तिरका होतो, आणि त्याच्याबरोबर पुढचं स्प्रॉकेट. मागे कितीही जुळवा, चेन पुढच्या दातांवर घासत राहते. म्हणून क्रम ठरलेला: आधी प्रायमरी चेन, गिअरबॉक्सचे बोल्ट नीट आवळणं, आणि मग मागची चेन. उलट केलं तर मागचं सगळं काम वाया.

पुढचं स्प्रॉकेट हाताने आत-बाहेर ढकलून बघा. स्प्रॉकेट शाफ्टच्या दात्यांवर हलत असेल तर नट सैल आहे किंवा दाते झिजलेत. शाफ्टच आत-बाहेर किंवा वर-खाली जाणवेल इतका हलत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं आहे. सील बदलूनही तेल येतं ते याच कारणाने.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

गिअरबॉक्सच्या शाफ्टला खेळ असेल तर गाडी वापरू नका, गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाकडे द्या. चिमट्याचे बुश दाबून बसवायला प्रेस लागतो आणि नंतर रीमर. घरी हातोडीने बसवलेला बुश फुटतो किंवा तिरका बसतो.

सळई आणि दोरी एकमेकांशी जुळत नसतील, एक्सल सरळ, स्पेसर बरोबर, तरी चाक किंवा स्प्रॉकेट ओळीत येत नसेल, तर चिमटा किंवा फ्रेम वाकलेली आहे असं समजा. ती जिगवर (फ्रेम पकडून मोजण्याच्या पक्क्या साच्यावर) लावून मोजणाऱ्याकडेच न्यायची. चिमटा तापवून, पाइप घालून सरळ करू नका. तापवलेल्या जागी लोखंड मऊ पडतं आणि तडा नेमका तिथेच जातो. अ‍ॅडजस्टरच्या कानाला किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ दिसली तरी हाच नियम. रिम हबवर मधोमध आणायची असेल तर आरे बांधणारा कारागीर गाठा. आणि झिजलेल्या दातांवर वेल्डिंग भरून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. चालत्या गाडीत तुटलेली चेन पुढे गोळा होऊन क्रँककेस फोडू शकते, किंवा मागचं चाक जागच्या जागी जाम करते.

सगळं जुळल्यावर

सगळे नट आवळून झाले, ब्रेक तपासला, स्प्लिट पिन नवीन घातली, की पन्नासएक किलोमीटर सावकाश चालवा. मग सळई परत लावा. नवीन चेन सुरुवातीला थोडी सैल होते, तेव्हा दोन्ही बाजूंना सारखे पैलू फिरवून ताण घ्या. तीनशे किलोमीटर झाले की चेनचा तोच भाग धुवून टॉर्चने बघा, जिथे आधी एका बाजूची चकाकी लिहून ठेवली होती. जुनीच चेन ठेवली असेल तर ती चकाकी हळूहळू मंद पडायला हवी. नवीन असेल तर आतल्या दोन्ही प्लेटवर सारखीच फिकट रेघ उमटलेली दिसेल. एकाच बाजूला चकाकी परत सुरू झाली असेल तर सरळ चिमट्याच्या बुशपासून पुन्हा तपासायला घ्या, कारण उभ्या गाडीवर जुळणारी आणि रस्त्यावर बिघडणारी ओळ बहुतेक वेळा तिथूनच बिघडते.